उघडलंच आहे तर

अण्णांची गाडी चालू असते तेव्हा अण्णा कुणाला दिसत नाहीत, आणि बंद पडते तेव्हा अण्णांशिवाय दुसरं कुणी दिसत नाही. सकाळी दुधाला जावं तर ते गेटपाशी उभे. दुपारी कुरिअरवाल्याला धरून उभे. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणारी मंडळी त्यांना लांबूनच ओळखतात आणि त्या दिवशी उलट्या बाजूनं फेरी मारतात. कारण अण्णा भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतात, आणि इतक्या अदबीनं विचारतात की उत्तर न देता निसटणं पाप वाटावं. "तुमच्या मते काय करावं?"

अशी माणसं गावोगाव असतात. कुणाकडे वडिलांनी घेतलेली फियाट असते, कुणाकडे इंडिका, कुणाकडे रंग उडालेली झेन. गाडीची किंमत आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च हे दोन आकडे एकमेकांना भेटायला निघाले की या जातीचा माणूस जागा होतो. तोवर तो चारचौघांसारखाच असतो. भाजी आणतो, हयातीचा दाखला देतो, लग्नात आहेर न आणण्याची विनंती असली तरी पाकीट नेतो. पण एकदा का मेस्त्रीनं "इंजिन उतरवावं लागंल" म्हटलं, की त्याच्या दिवसाला आकार येतो.

आमचे अण्णा यातले अव्वल. सरकारी खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांच्या निर्णयांच्या फाइली वर पाठवल्या आणि खाली आणल्या. स्वतः निर्णय घ्यायची वेळ कधी आली नाही, आणि आली असती तर तीही त्यांनी वरिष्ठांकडे मार्गदर्शनार्थ सादर केली असती. गाडी घेतली तीसुद्धा काकूंनीच म्हणायची. पैसे अण्णांचे, कर्ज पतसंस्थेचं. पण शोरूममध्ये पांढरी घ्यावी की चंदेरी, यावर अण्णा कागदावर दोन रकाने आखायला लागले, तेव्हा काकू पांढऱ्या गाडीत जाऊन बसल्या आणि उतरेनात. ती ही 2003 सालची मारुती 800.

या गाडीचं अप्रूप आजच्या पोरांना कळायचं नाही. 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, तेव्हापासून 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत नोकरदार माणसाची पहिली गाडी म्हणजे हीच. तीन सिलिंडर, 796 सीसी, आणि तालुक्याच्या गावीही जिचे सुटे भाग मिळतात अशी. अण्णांनी तिला पहिल्या दिवसापासून लॉगबुक लावलं. साहेबांच्या जीपला असतं तसं. तारीख, मीटर, लिटर, रक्कम, ऑइल आणि प्रयोजन. प्रयोजनाच्या रकान्यात "जोतिबा दर्शन", "गॅस सिलिंडर", "सौ.चे माहेर (अनिवार्य)" अशा नोंदी आहेत. बावीस वर्षांत एकही ओळ चुकलेली नाही.

त्या लॉगबुकात सगळं लिहिलेलं होतं, हे पुढे उघडकीला आलं. गेली दोन वर्षं दर महिन्याला "ऑइल वाढविले, पाऊण लिटर" अशी नोंद. सकाळी गाडी चालू करताना मागून निळा धूर, त्याचीही नोंद. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील गेले, हे गॅरेजातलं पाना देणारं पोरगंही सांगेल. अण्णांनी धुराची तारीख लिहिली, वेळ लिहिली. लॉगबुकात निष्कर्षाचा रकाना नव्हता, त्यामुळे निष्कर्ष काढला गेला नाही.

घटना घडली ती पावसाळ्याच्या तोंडाला, गणपतीपुळ्याहून येताना. साखरपा मागं टाकून गाडी आंबा घाट चढायला लागली. काकू म्हणाल्या, "कसला तरी वास येतोय."

"मातीचा. पाऊस पडून गेलाय."

"मातीला रबराचा वास येत नाही."

"काटा बघ, खाली आहे. गाडी थंड आहे."

काटा खाली होता हे खरं. पण तापमानाचा काटा पाणी असेपर्यंतच खरं बोलतो. रेडिएटरचा होज फाटून पाणी रस्त्यावर गेलं की सेन्सरला गरम पाणी लागतच नाही. इकडे इंजिन भाजून निघतंय आणि तिकडे काटा निवांत पडलाय, असं होतं. घाटात जागा पाहून थांबावं, इंजिन बंद करावं, निववावं, एवढंच करायचं असतं. पण अण्णा म्हणाले, "घाट संपल्यावर बघू." घाट संपायच्या आधी इंजिन संपलं. गाडी टेम्पोवर चढून कोल्हापुरात आली. त्या दिवशीच्या प्रयोजनात "परतीचा प्रवास (वाहनातील वाहनातून)" असं लिहिलेलं आहे.

मेस्त्री शहाणा माणूस. त्यानं आधी डिपस्टिक काढून दाखवली. "ऑइलचा चहा झालाय अण्णा. पाणी घुसलंय." मग प्लग काढून कॉम्प्रेशन बघितलं. पहिल्या दोन सिलिंडरला ठीक, तिसरा निम्म्यावर. मग त्यानं तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. आकडा बराच वर आला. "बगा, ऑइल घातल्यावर वाढतंय म्हंजे रिंग गेली. नुसतं व्हॉल्व्ह नायतर गॅस्केट असतं तर वाढलं नसतं. आन् हेड ॲल्युमिनियमचं, ते तापून वाकलंय ते येगळंच."

पाच मिनिटांत, एका चमच्यात निदान. खात्यात असतं तर समिती नेमावी लागली असती, असं अण्णा भारावून म्हणाले. त्या चमच्याचं वर्णन नंतर भाजीवाल्यानं ऐकलं, इस्त्रीवाल्यानं ऐकलं, बँकेत पासबुक छापायच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. आमच्या कॉलनीतल्या सातवीच्या पोरालासुद्धा आता कॉम्प्रेशनची ओली चाचणी येते.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली गेली. पुठ्ठ्याची, नाडीची, वर ठसठशीत अक्षरात विषय: "वाहनाच्या इंजिनाच्या विशेष दुरुस्तीबाबत." किरकोळ दुरुस्ती वेगळी आणि विशेष दुरुस्ती वेगळी, हे अण्णांनी मला समजावलं. किरकोळला खालच्या पातळीवर मंजुरी चालते. विशेष दुरुस्तीला आधी तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय. तांत्रिक म्हणजे मेस्त्री. प्रशासकीय म्हणजे काकू. आणि या दोहोंच्या मध्ये किमान तीन दरपत्रकं.

पहिलं दरपत्रक मेस्त्रीचंच. नुसतं हेड काढून फेसिंग करायचं, नवं गॅस्केट, नवा होज: साडेनऊ हजार. अण्णांचे डोळे चमकले. पण मेस्त्री म्हणाला, "वरनं नीट हुईल, खालनं ऑइल जळतच ऱ्हाईल. दिवाळीला परत याल." मग इंजिनाचं पुरं काम: सव्वीस हजार. इथपर्यंत ठीक होतं. इथून पुढे ते वाक्य आलं, जे जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकानं ऐकलेलं असतं.

"उघडलंच हाय तर व्हॉल्व्ह लॅप करून घिऊ. व्हॉल्व्ह काढलंच हाय तर सील बदलू. टायमिंग बेल्ट सोडवलाच हाय तर नवा टाकू, आन् बेल्ट निघालाच हाय तर वॉटर पंप कशाला जुना ठेवायचा? इंजिन खाली घेतलंच हाय तर क्लच प्लेट. माउंटिंगची रबरं. ऑइल पंप तेवढा बगून घिऊ."

गंमत अशी की यातलं एकही वाक्य खोटं नसतं. क्लच प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसलेली असते. ती सहा महिन्यांनी गेली तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. वॉटर पंप पुढच्या वर्षी गळला तर तोच बेल्ट पुन्हा सोडवावा लागतो. प्रत्येक "उघडलंच आहे तर" स्वतंत्रपणे शहाणपणाचं असतं, आणि त्यांची बेरीज अडतीस हजार होते. अण्णांना हे वाक्य इतकं पटलं की त्यांनी ते घरात वापरायला सुरुवात केली. न्हाणीघराचा नळ गळत होता. प्लंबर आलाच आहे तर टाकी, टाकीवर चढलंच आहे तर पत्रा. काकूंनी प्लंबरला चहा देऊन परत पाठवलं.

दुसरं दरपत्रक अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. तिथं अण्णांना गार हवेत बसवलं, कॉफी दिली आणि टाय लावलेल्या मुलानं एकसष्ट हजारांचा छापील अंदाज दिला, कर वेगळा. मुलगा गाडीपेक्षा वयानं लहान असावा. त्यानं हळूच नव्या गाडीची पत्रिकाही फाइलीत सरकवली. अण्णांनी ती "अनाहूत पत्रव्यवहार" असा शेरा मारून शेवटी लावली.

तिसरा पर्याय जुन्या इंजिनाचा. अपघातात गेलेल्या गाडीचं चालू इंजिन भंगारवाल्याकडून उचलायचं आणि बसवायचं. बावीस हजार. हा मार्ग पुष्कळ लोक घेतात आणि त्यात गैर काही नाही, फक्त इंजिन किती पळालंय हे त्या इंजिनालाच ठाऊक असतं. अण्णांचा आक्षेप त्याहून खोल होता. आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो. इंजिन बदललं की नंबर बदलतो, मग आरटीओत अर्ज, बिल, तपासणी. "म्हणजे बॉडी माझी आणि इंजिन तिऱ्हाइताचं," अण्णा म्हणाले, "उद्या वारसाचा प्रश्न आला तर?" कुणाच्या वारसाचा ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

चौथा पर्याय म्हणजे आहे तशी विकणं. जुन्या गाड्यांचा एजंट येऊन गेला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बूट लावला आणि म्हणाला, "पंधरा."

"अहो, टायरच बारा हजारांचे आहेत! गेल्या दिवाळीत टाकलेत."

"मग असं करू अण्णा. टायर बाराला घेतो, गाडी तीनला."

या व्यवहारात अण्णांना काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण बेरीज तर बरोबर येत होती. ते तीन दिवस अस्वस्थ होते.

टायर हा अण्णांच्या हिशेबातला सगळ्यात अवघड भाग. टायर नवे, बॅटरी वॉरंटीतली, सीट कव्हर काकूंनी स्वतः निवडलेलं. शिवाय 2023 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलेलं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची. 2018 मध्ये अण्णांनी त्यासाठी 600 रुपये भरले होते. एप्रिल 2022 पासून ते शुल्क 5,000 झालं, त्यावर पर्यावरण कर. "एवढे भरून 2028 पर्यंतचा परवाना घेतला, तो काय पाण्यात घालू?" असं म्हणून अण्णा प्रत्येक जुना खर्च नव्या खर्चाच्या बाजूनं साक्षीला उभा करतात. खरं तर गेलेले पैसे या हिशेबात धरायचेच नसतात. गाडी ठेवा नाहीतर विका, ते परत येत नाहीत. हे मी एकदा बोलून पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी खात्याचं मागचं सगळं रेकॉर्ड जाळायला निघालोय. वर त्यांच्या युक्तिवादाला उत्तरही नव्हतं. टायर नवे आहेत म्हणून गाडी विकता येत नाही, आणि गाडी चालत नाही म्हणून टायर झिजत नाहीत, म्हणजे ते कायम नवेच.

भंगारात देण्याचा विषय मात्र कुणी काढू नये. काढला तर अण्णा तो "निर्लेखन" या नावानं ओळखतात आणि गंभीर होतात. नव्या धोरणाप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून नव्या खाजगी गाडीच्या रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे, हे सगळं त्यांना मुखोद्गत आहे. पण त्यांच्या ऑफिसच्या आवारात चिंचेखाली एक जीप निर्लेखनाच्या प्रतीक्षेत उभी होती. प्रस्ताव त्रुटींसह परत येत राहिला. चिंचेचं एक रोप जीपच्या तळातून वर आलं आणि बॉनेटच्या फटीतून बाहेर पडलं, तेव्हा फाइलीवर नवी त्रुटी निघाली, की झाड तोडायची परवानगी जोडलेली नाही. "त्या जीपनं मला घडवलं," अण्णा म्हणतात. हे त्यांचं एकमेव आत्मचरित्रात्मक विधान.

रंकाळ्यावरची समिती वेगळीच. तिथं तीन निवृत्त शिक्षक, एक माजी सरपंच आणि साखर कारखान्याचे एक सभासद. यापैकी कुणाकडेही मारुती 800 नाही, त्यामुळे मतं पक्की आहेत. एक गुरुजी म्हणाले, "सगळा दोष त्या इथेनॉलचा. वीस टक्के मिसळतात पेट्रोलात. जुन्या गाड्यांची रबरं खातं ते." झालं. इथेनॉल उसापासून होतं, आणि सभासदांच्या देखत कोल्हापुरात उसाच्या कुठल्याही अपत्याबद्दल वाईट बोलायची सोय नाही. ते उसळले, "बावीस वर्सांचं रबर फाटलं तर ऊस काय करणार? तुमचं गुडघं बी इथेनॉलनं गेलं काय?" पुढचा पाऊण तास गाळप, रिकव्हरी आणि एफआरपीवर गेला. अण्णांनी घरी येऊन फाइलीत टिपण लिहिलं, "तज्ज्ञांत मतभेद."

जावई पुण्याचा. त्यानं फोनवरून इलेक्ट्रिक गाडी सुचवली. मुलगा बंगळूरचा. तो म्हणाला, "अण्णा, गाडी काढून टाका आणि लागेल तेव्हा भाड्याची करा, पैसे मी देतो." हिशेबानं मुलगाच बरोबर होता. लॉगबुकच सांगत होतं की मागच्या अख्ख्या वर्षात गाडी 2,340 किलोमीटर चालली, आणि त्यातले दोनेकशे मेस्त्रीकडे जाण्यायेण्याचे. एवढ्यासाठी गाडी कुणी ठेवत नाही. पण हा सल्ला फाइलीत लागलाच नाही, कारण तो दरपत्रकाच्या नमुन्यात नव्हता.

जून गेला, श्रावण गेला. गणपती भाड्याच्या टेम्पोतून आले. गाडी अर्धी उघडी, मेस्त्रीच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात. मेस्त्री रोज तिच्याकडे आणि मग अण्णांकडे बघायचा. "अण्णा, जागा अडलीया. एक काय ते सांगा की." अण्णा रोज दुपारी तिथं जात, स्टुलावर बसत, चहा मागवत, दुसऱ्यांच्या गाड्यांची निदानं ऐकत. पांढरा धूर म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल, हे आलेल्या गिऱ्हाइकांना तेच सांगू लागले. एका दुचाकीवाल्यानं त्यांना मालक समजून भाव विचारला. अण्णा म्हणाले, "आधी तीन दरपत्रकं घ्या." तो गेला. मेस्त्रीनं त्या दिवशी चहा स्वतःपुरताच मागवला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला गाडी दुरुस्त करायची घाईच नाही. गाडीवर जीव आहे, पैसा दाताखाली धरलेला नाही, पेन्शन वेळेवर येते. पण निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी प्रथमच त्यांच्याकडे एक चालू फाइल होती. तीत आवक होती, जावक होती, लोक मत देत होते, कुणी चिडत होतं. मंजुरी मिळाली की फाइल बंद. मग दुपारी जायचं कुठं? असं वाटणारी निवृत्त माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. काही जण वीजबिलाच्या तक्रारी करतात, काही जण सोसायटीचे सेक्रेटरी होतात. त्यांच्या मानानं अण्णा निरुपद्रवी.

खंडेनवमीला सगळ्या कॉलनीनं गाड्या धुऊन पुजल्या. अण्णा झेंडूचा हार घेऊन मेस्त्रीच्या शेडमध्ये गेले. इंजिन बाहेर काढून बाकावर ठेवलेलं होतं. हार बॉनेटला घालावा की इंजिनाला, यावर ते थबकले. मेस्त्रीनं हार हातातून घेतला, मधोमध तोडला आणि दोन्हीकडे घातला. चार महिन्यांतला तो पहिला निर्णय.

शेवटी कार्तिकात काकूंनी फाइल मागवली. भाचीचं लग्न गडहिंग्लजला ठरलं होतं. काकूंनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. दरपत्रकं, टिपणं, चमच्याची आकृती. दोन रकान्यांचा तक्ता आता सात रकान्यांचा झाला होता. सगळं वाचून त्यांनी लाल पेन मागितलं. अण्णा शहारले, कारण लाल शाईचा मान त्यांना माहीत आहे. काकूंनी तळाला लिहिलं: "पुरं काम करावे. 38,000 च्या वर एक रुपया गेल्यास मी लग्नाला एसटीने जाईन व कारण सर्व पाहुण्यांना सांगेन. सौ."

अशी स्वच्छ टिप्पणी आपण नोकरीत कधी पाहिली नाही, असं अण्णा अजून सांगतात.

काम उद्यमनगरात झालं. बोअरिंगचं असलं काम करणारी लेथ आणि मशीन शॉप तिथं गल्लीगल्लीत आहेत. ब्लॉक गेला, सिलिंडर घासून गोल झाले, अर्ध्या मिलिमीटरचे ओव्हरसाइज पिस्टन बसले. अण्णा पूर्ण वेळ उभे. आणि तिथं त्यांच्यातला लिपिक पुन्हा जागा झाला. मूळ सिलिंडरचा व्यास 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक 72. आता व्यास 69. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. तीन सिलिंडर मिळून 796 चे 808 सीसी झाले होते.

"आरसीवर 796 आहे," अण्णा कुजबुजले. "आरटीओला कळवावं लागेल का?"

मेस्त्री हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, नाव आठशे आन् निघत हुती सातशे शहाण्णव. इतकी वर्सं तुम्हाला कुणी इचारलं काय? आता कुठं ती खरी आठशे झाली."

तरी अण्णा आरटीओत जाऊन आलेच. खिडकीपलीकडच्या माणसानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, इंजिनाचा नंबर तोच आहे ना एवढं विचारलं आणि म्हणाला, "काका, घरी जावा. गाडी चालवा." हे उत्तर लेखी मिळालं नाही, याची रुखरुख त्यांना आहे.

बिल झालं 37,850. वरचे दीडशे रुपये काकूंनी हार-नारळाला मंजूर केले. गडहिंग्लजला गाडी गेली आणि आली. नवं इंजिन पहिले हजारभर किलोमीटर साठच्या आत चालवावं, असं मेस्त्रीनं बजावलं होतं. अण्णांना ही अट जाचली नाही, कारण ते बावीस वर्षं चाळीसच्या आतच चालवताहेत.

आता माझं मत विचाराल, तर निर्णय योग्यच झाला. आडवळणानं झाला, पण योग्य झाला. अडतीस हजारांत दुसरी जुनी गाडी घेतली असती तर तिच्या पोटात काय आहे हे पुन्हा शून्यापासून शोधावं लागलं असतं. हिच्या बाबतीत निदान पत्रा शाबूत आहे, कागद पुरे आहेत, मालक एकच आणि लॉगबुक आहे. इंजिन नवं करता येतं. गंजलेला पत्रा आणि हरवलेले कागद नवे करता येत नाहीत. ज्यांची गाडी याच वळणावर उभी आहे त्यांनी आधी खाली वाकून तळाचा पत्रा बघावा, मग कॉम्प्रेशन मोजून घ्यावं आणि मग खर्चाला हात घालावा. हे सगळं एका सकाळीत होतं. अण्णांना जूनपासून नोव्हेंबर लागला, ती त्यांची खाजगी बाब.

मात्र परवापासून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणायला लागली आहे. पिकअप वाढल्यावर जुना गिअरबॉक्स बोलायला लागला असावा, असा मेस्त्रीचा तर्क आहे. इंजिन खाली होतं तेव्हा तोही उघडायला हवा होता, असं तो म्हणाला, पण काकूंचा शेरा आडवा आला होता. अण्णांनी अजून काही ठरवलेलं नाही. फक्त जुन्या फाइलीवर "भाग 1" असं लिहिलंय, आणि काल स्टेशनरीच्या दुकानातून ते नवा पुठ्ठा आणि नाडी घेऊन येताना दिसले.

म्हणून वाचकांना एक कळकळीची विनंती. आपल्याकडे किंवा आपल्या ओळखीत मारुती 800 चा चांगला गिअरबॉक्स असेल, तर तो अण्णांना दाखवू नका, त्याचा भावही त्यांना सांगू नका. थेट काकूंशी बोला, आणि जाताना लाल पेन घेऊन जा.